सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर निवडताना

पाळलेल्या सापांची आणि पालींची संख्या वाढली, तसे वहीतून जुनी नोंद शोधणे जिकिरीचे होऊ लागले. सॉफ्टवेअर पारखताना मी एकच प्रश्न पुढे ठेवला: बॉल पायथनने (पाळल्या जाणाऱ्या अजगराच्या एका जातीने) भक्ष्य नाकारले, तर त्याच पानावर कात टाकल्याची तारीख आणि वजन दिसते का? कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे निळसर, धुरकट होतात आणि त्या काळात तो बहुधा खात नाही, यात काळजीचे कारण नसते; मात्र कात पडल्यावरही उपास चालू राहून वजन उतरू लागले, तर पशुवैद्याला दाखवलेच पाहिजे. त्यामुळे केवळ ‘शेवटचे खाणे’ जपून आधीची नोंद पुसणारे प्रोग्राम मी तिथेच बाद केले.

दुसरी अट सर्व नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे इतर प्रोग्राममध्येही उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, उतरवून घेता येण्याची होती, कारण बॉल पायथन 20 ते 30 वर्षे जगू शकतो आणि एखादे सॉफ्टवेअर इतकी वर्षे टिकेलच असे नाही. लेपर्ड गेको या पालीचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबवण्याच्या तापमानावर ठरते, म्हणून त्या तापमानाचा स्वतंत्र रकानाही हवाच होता. देखण्या आलेखांना मी फारसे महत्त्व दिले नाही.

अखेर इंटरनेटशिवाय चालणारा एक साधा प्रोग्राम निवडला आणि प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड चिकटवला. आता खाऊ घालतानाच नोंद होते.