रेबीजच्या लसीचे डोस अर्धवट राहतात ते या चुकांमुळे

इंदुरात रात्री सराफ्यातून घरी परतताना कुत्रे चावले, की पहिले इंजेक्शन सहसा कोणी चुकवत नाही. चुकतो तो शेवटचा डोस, कारण तोवर जखम भरलेली असते आणि भीतीही ओसरलेली असते. विषाणू मात्र मज्जातंतूंतून सावकाश मेंदूकडे सरकत असतो. लक्षणे दिसायला साधारणपणे दोन-तीन महिने, क्वचित वर्षही लागते, आणि ती दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा दिवस मोजण्यात होतो. पहिली लस घेतली तो दिवस शून्य धरायचा, चावल्याचा नव्हे. कातडीत दिली जाणारी लस शून्य, 3, 7 आणि 28 या दिवशी घ्यायची असते. दंडात स्नायूमध्ये दिली, तर 14 व्या दिवशी आणखी एक डोस असतो. म्हणजे सोमवारी सुरुवात केली, तर दुसरा डोस गुरुवारी आणि उरलेले सगळे सोमवारीच येतात. या तारखांवर त्याच दिवशी कालनिर्णयात खूण करावी.

मधेच पुण्याला लग्नाला जायचे निघाले, तर लसीचे कार्ड सोबत न्यावे आणि पुढचा डोस तिथे घ्यावा. तारीख चुकलीच, तर ‘आता सगळे पहिल्यापासून’ या धास्तीने घरी बसणे ही त्याहून मोठी चूक आहे. राहिलेला डोस लगेच घेऊन क्रम पुढे चालू ठेवता येतो.

‘दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवू, मग बघू’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. नजर अवश्य ठेवावी, पण लस सुरू करून. त्या दहा दिवसांत तीन डोस होऊनही जातात, आणि कुत्रे धडधाकट राहिले तर पुढचे डॉक्टर ठरवतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती घालणाऱ्या आजोबांना सांगावे, की ती लस केव्हाच बंद झाली.

रक्त आले असेल, तर नुसती लस पुरत नाही, कारण तिचा परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो. तोवरच्या संरक्षणासाठी जखमेतच सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, भरावे लागते, शक्यतो पहिल्याच दिवशी. त्याआधी साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये.

डोस पुरे झाले, तरी कार्ड फेकू नये. पुढे पुन्हा कुत्रे चावले, तर ते दाखवल्यावर शून्य आणि 3 या दिवशीचे दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही.