परदेशातल्या सत्राचे क्रेडिट असे वाचवले

एक्स्चेंजवर एका सत्रासाठी युरोपात गेले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, ठरवलेला एक विषय यंदा शिकवणारच नाहीत. दुसरा घेतला, तर माझ्या विभागाने त्याचे क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक) नाकारले. रडूच आलं.

मग लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे तिकडे कोणते विषय घ्यायचे याचा करार, नीट वाचलं. त्यात मध्येच बदल करता येतो. सह्या मात्र तिघांच्या लागतात: आपली आणि दोन्ही विद्यापीठांची. नव्या विषयाचा अभ्यासक्रम जोडला, सोबत तासांचा हिशेब. ईसीटीएस या युरोपातल्या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि त्यात घरी केलेला अभ्यासही धरतात. विभागाने फक्त तासिका मोजल्या होत्या! हे दाखवल्यावर चार दिवसांत सही आली. तोंडी होकारावर मात्र मुळीच विसंबू नका, सगळं ईमेलवर घ्या.