अझेलियाच्या कळ्या मीच कापत होतो

आमच्या न्यू जर्सीच्या घरापुढे आधीच्या मालकांनी लावलेली अझेलियाची तीन झुडपं आहेत, शेजाऱ्यांकडे मे महिन्यात पानंसुद्धा दिसत नाहीत इतकी फुलं आणि आमच्याकडे दोन-चार चुकार. दोन वर्षं खतच घालत बसलो. मग कळलं की घोळ माझ्या कात्रीचा होता, मी दिवाळीच्या आसपास सगळं छान गोल कापायचो (जास्वंदीची सवय, कधीही छाटा, फुलतेच) पण अझेलिया पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरते, म्हणजे दरवर्षी कळ्याच कचऱ्यात! आता फुलं गळली की लगेच छाटतो, जुलैनंतर कात्री बंद.

भिंतीलगतचं झुडूप तरी पिवळंच, शिरा हिरव्या नि मधलं पान पिवळं. माती तपासली तर पीएच (मातीच्या आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकी माती आंबट) ७ च्या आसपास, याला साधारण ४.५ ते ६ लागतो, सिमेंटच्या पायातला चुना मातीत उतरतो ना. पीएच खाली आणायला थोडं सल्फर घातलं, वर पाइनच्या सालीचा दोन इंच थर, खोडाला न चिकटवता. खणू मात्र नका, मुळं अगदी वर असतात. सल्फरला महिनोन्महिने लागतात, त्यामुळे ते अजून रुसलेलंच आहे, बाकी दोन यंदा भरभरून फुलली.