काऊ काढूया, क्रितामध्ये हलणारं कार्टून कॅरेक्टर

कार्टून कॅरेक्टर काढायला बसलं की आपला हात पहिला डिटेलकडे जातो, कुरळे केस, चेक्सचा शर्ट, बुटाच्या लेस वगैरे, आणि एका चित्रात ते दिसतंही मस्त. पण ॲनिमेशनसाठी काढताय ना, मग हिशोब वेगळा. सेकंदाला २४ फ्रेम असतात, त्यातलं एकेक चित्र दोन दोन फ्रेम धरून ठेवलं (याला टूजवर काढणं म्हणतात) तरी सेकंदाला १२ चित्रं होतात, म्हणजे शर्टावरची प्रत्येक चौकट दहा सेकंदांसाठी १२० वेळा काढायची. माझं पहिलं कॅरेक्टर असाच एक चेक्सच्या शर्टातला मुलगा होता. नुसता दोन सेकंद चालवायचा होता, नवव्या चित्रावर सोडून दिला, कारण प्रत्येक चित्रात चौकटी जरा जरा सरकत होत्या आणि प्ले केलं की शर्टावर मुंग्या फिरल्यासारखं दिसायचं. तेव्हापासून प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारते, ही मी शंभर वेळा काढू शकेन का? नाही म्हणालात तर ती रेघ काढून टाका. खाली जे सगळं सांगतेय ते या एका गोष्टीवरच उभं आहे.

कॅरेक्टर म्हणून आपण काऊ घेऊया, चिऊताईच्या गोष्टीतला. घर शेणाचं, पावसात वाहून गेलं, आणि आता भिजलेला कावळा चिऊताईच्या मेणाच्या घराचं दार ठोठावतोय. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे त्यामुळे हे कोण, काय चाललंय, हे समजवायला लागत नाही, आणि दोन सेकंदात मावेल अशी एकच ॲक्शन आहे, टकटक.

सॉफ्टवेअर क्रिता. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि ड्रॉइंगसाठीच बनवलंय म्हणून ब्रशचा फील छान आहे. नावाचा अर्थही गोड आहे, स्वीडिशमध्ये क्रिता म्हणजे खडू. पेन टॅबलेट असेल तर उत्तमच, नसेल तर हे पूर्ण कॅरेक्टर माऊसनेही होतं कारण रेघा कमी ठेवणार आहोत, फक्त स्टॅबिलायझर लावायला लागेल, ते पुढे सांगते.

पण सॉफ्टवेअर उघडायच्या आधी खिडकीतून खराखुरा कावळा बघा, पाच मिनिटं तरी. आपल्या आजूबाजूला असतो तो गावकावळा, त्याची मान आणि छाती राखाडी असते, आणि डोमकावळा असतो तो मोठा आणि पूर्ण काळा. आपल्याला गावकावळाच घ्यायचाय, आणि याला कारण आहे. पूर्ण काळ्या पक्ष्यावर काळी आउटलाइन दिसतच नाही, पंख कुठे संपला, डोकं कुठे सुरू झालं, सगळा एकच डाग होतो. राखाडी मानेमुळे डोकं आणि अंग आपोआप वेगळं दिसतं, आणि एवढ्याने निम्मं डिझाइन झालं.

आता फाइल. नवीन डॉक्युमेंटमध्ये १९२० बाय १०८०, आरजीबी, ८ बिट. याहून मोठं नको, कारण या साइजचं एक पूर्ण भरलेलं चित्र मेमरीत साधारण ८ एमबी घेतं आणि ते एका लेयरचं (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा थर) एका फ्रेमचं झालं, तीन लेयर आणि पन्नास फ्रेम म्हटलं की साध्या लॅपटॉपचा जीव जातो. मग विंडो मेनूतून वर्कस्पेसमध्ये जाऊन ॲनिमेशन निवडा, खाली टाइमलाइन, म्हणजे फ्रेमच्या घरांची पट्टी, दिसायला लागेल. फ्रेम रेट २४ आहे ना बघून घ्या.

ब्रशही एकच. बेसिक ५ साइज किंवा फाइनलाइनरसारखा कडक कडांचा ब्रश घ्या, टेक्स्चरवाला, खडूसारखा घेऊ नका, कारण त्या ब्रशने ओढलेल्या रेघेत बारीक फटी राहतात आणि नंतर बकेटने (एका क्लिकवर बंद आकार रंगवणारं टूल) रंग भरला की तो बाहेर सांडतो. टूल ऑप्शन्समध्ये ब्रश स्मूदिंग म्हणून आहे तिथे स्टॅबिलायझर निवडा, रेघ हाताच्या थोडी मागून येते पण थरथरत नाही. रफ करताना मात्र ते बंदच ठेवा, रफमध्ये हात मोकळा पाहिजे.

पहिला लेयर रफचा. अंग म्हणजे एक कोयरी, होय, साडीच्या काठावर असते तीच, आडवी तिरकी, निमुळतं टोक शेपटीकडे. डोकं म्हणजे गोल, अंगाच्या साधारण अर्ध्या उंचीचा, खऱ्या कावळ्याचं एवढं मोठं नसतं पण कार्टूनमध्ये हावभाव डोक्यातच असतात म्हणून मोठं करायचं. चोच जाड त्रिकोणी, टोकाला किंचित खाली वळलेली. पंख म्हणजे एक पान, त्यावर पिसांच्या रेघा नाहीत, टोकाला तीन कंगोरे बास झाले. पाय दोन काड्या, पुढे तीन बोटं मागे एक. चिऊताई कधी काढायची झाली तर ती पूर्ण गोल गोल काढा, काऊला टोकं आणि कोपरे द्या, दोघं शेजारी उभे राहिले की न सांगता स्वभाव कळतो.

डोळा हा खरा खेळ. खऱ्या कावळ्याचा डोळा काळाभोर असतो, पण आपण पांढरा गोल आणि आत काळी बाहुली करणार, नाहीतर तो कुठे बघतोय तेच कळणार नाही. कावळ्याला भुवया नसतात, त्यामुळे सगळं काम वरच्या पापणीवर. पापणी आतल्या, म्हणजे चोचीकडच्या, बाजूने खाली झुकली की रागावला, बाहेरच्या बाजूने झुकली की केविलवाणा, अर्धी मिटली की कंटाळला. एका बाजूला हे तीन चेहरे छोटे छोटे काढून ठेवाच. आपला काऊ केविलवाणा, पाऊस पडतोय आणि आतून उत्तर येतंय, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते.

आता दोन टेस्ट, टाळू नका. एक, एम दाबा, कॅनव्हास आरशासारखा उलटा होतो, चित्र कुठे कललंय ते लगेच दिसतं. दुसरी, वर नवीन लेयर घेऊन सगळी आकृती एका गडद रंगाने भरून टाका आणि लांबून बघा. नुसत्या सावलीवरून कावळा आहे हे कळतंय का, चोच अंगाच्या बाहेर दिसतेय का? चोच छातीवर पडली असेल तर सावलीत ती गायब होते, मान जरा वळवा किंवा चोच बाजूने दाखवा. इथेच जे दिसत नाही ते हलताना तर अजिबातच दिसत नाही.

जमलं की त्याच मापात समोरून, पाऊण वळलेला, बाजूने आणि पाठमोरा असे चार काऊ एका ओळीत काढा, डोक्याच्या, डोळ्याच्या आणि पायाच्या उंचीला आडव्या गाइड लावून. याला मॉडेल शीट म्हणतात. कंटाळवाणं वाटेल पण विसाव्या चित्रात काऊ अचानक जाड झाला की याच्याशीच ताडून बघायचं असतं. आणि आता रेघा मोजा, माझ्या काऊच्या १९ होतात, तुमच्या तिशीच्या पुढे गेल्या असतील तर छाटा.

इथे बरेच जण लगेच साफ लाइन आणि रंग करायला घेतात, ते करू नका हो प्लीज. आधी रफच हलवायचं, ते पटलं की साफ लाइन, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंगवलेलं चित्र टाकून द्यायला जीव होत नाही, आणि ॲनिमेशनमध्ये चित्रं टाकून द्यायलाच लागतात.

रफसाठी नवीन लेयर, टाइमलाइनवर राइट क्लिक करून ब्लँक फ्रेम बनवा. लक्षात ठेवा, फ्रेम बनवल्याशिवाय क्रिता त्या लेयरला हलणारा मानत नाही, तुम्ही १० नंबरवर जाऊन काढाल आणि ते शून्यावरच्या चित्रावरच उमटेल, सुरुवातीला सगळ्यांचं हे होतं. एकदा फ्रेम काढली की पुढची फ्रेम येईपर्यंत तीच दिसत राहते, त्यामुळे टूजवर करायला वेगळं काही सेटिंग नाही, एक घर सोडून फ्रेम टाकायची.

लेयरवरचा छोटा बल्ब पेटवला की ऑनियन स्किन चालू होते, मागचं चित्र लालसर आणि पुढचं हिरवट असं पुसट दिसायला लागतं. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून फिल्म युनिट सुरू झालं, तिथे डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्सनी शिकवलं आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर तयार झाले, तेव्हा हेच काम खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून व्हायचं. बल्बचं चिन्ह बघितलं की मला ते टेबलच आठवतं.

टकटकचा हिशोब असा ठेवा. शून्यावर काऊ दाराकडे बघत उभा. ६ वर मान थोडी मागे, १० वर पूर्ण मागे, आणि तिथे १४ पर्यंत थांबवा, हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, यानेच बघणाऱ्याला कळतं की आता काहीतरी होणार. १६ वर चोच दारावर. १० आणि १६ च्या मध्ये एकही चित्र घालू नका, मधलं चित्र घातलं की मार मऊ पडतो, चोच दाराला लागल्यासारखी वाटत नाही, टेकल्यासारखी वाटते. १८ वर चोच जरा मागे, २० वर परत दारावर, २२ वर मागे, २४ वर दारावर. यातली २० आणि २४ ची चित्रं १६ चीच, २२ चं १८ चंच, त्यामुळे परत न काढता फ्रेम क्लोन करून पेस्ट करा, क्लोनचा फायदा म्हणजे एकीत सुधारलं की सगळ्यांत सुधारतं. २८ वर सरळ उभा, ३२ वर मान तिरकी करून कान देऊन ऐकतोय, आणि ४७ पर्यंत तसाच. म्हणजे दोन सेकंद झाले आणि नवीन चित्रं फक्त ७. मग ४, ८, २६ आणि ३० वर मधली चित्रं घालायची, आणि ती बरोब्बर मधोमध काढायची नाहीत, जिथे थांबायचंय त्या चित्राच्या जास्त जवळ काढायची, तरच मान हळू हळू स्थिरावते. शिवाय मान सरळ रेषेत मागे जात नाही, कमानीत जाते, चोचीच्या टोकाचे ठिपके वेगळ्या लेयरवर मांडून ते जोडून बघा, कमान वेडीवाकडी असेल तर चित्र कुठलं चुकलंय ते लगेच सापडतं.

शेवटच्या थांबलेल्या भागात एक डोळा मिचकावा, अर्धा मिटलेला दोन फ्रेम, मिटलेला दोन, परत अर्धा दोन. हा नसला तर ३२ नंतर व्हिडिओ अडकला असं वाटतं. पापणी वेगळ्या लेयरवर ठेवली तर पूर्ण कावळा परत काढायला नको. आणि भिजल्याची थरथर हवी असेल तर काऊचं तेच चित्र दोनदा घ्या, दुसरं ३-४ पिक्सेल बाजूला सरकवा, आणि दोन्ही आळीपाळीने एकेक फ्रेम दाखवा. एवढंच. चोचीच्या टोकावरून एखादा थेंब पडू दे, पण पावसाच्या धारा बॅकग्राउंडच्या वेगळ्या लेयरवर, तीन चित्रं फिरवत ठेवा.

प्ले करून चाल पटली की रफचा लेयर ३० टक्के ओपॅसिटीवर आणून, म्हणजे पुसट करून, वर साफ लाइनचा लेयर घ्या आणि ब्रशची साइज शेवटपर्यंत बदलू नका. रंगासाठी लाइनच्या खाली वेगळा लेयर. बकेट टूलमध्ये रेफरन्स सगळे लेयर असा ठेवा, पण त्याआधी रफ लपवा आणि ऑनियन स्किनही बंद करा. ग्रो सिलेक्शन २ पिक्सेल द्या म्हणजे रेघेच्या कडेला पांढरी किनार उरत नाही. अंगाला शुद्ध काळा नको, लाल ४५, हिरवा ४८, निळा ६० असा निळसर गडद करडा घ्या, त्यावर काळी रेघ दिसते. मानेला मध्यम राखाडी, चोच आणि पाय अंगापेक्षा एक शेड फिकट, आणि डोळ्याचा पांढरा. सावल्या, चमक काही नको, तीही प्रत्येक चित्रात करावी लागेल.

मध्ये मध्ये कंट्रोल ऑल्ट एस दाबत जा, प्रत्येक वेळी नवीन नंबरची फाइल सेव्ह होते, एखादी करप्ट झाली तरी कालचं काम हातात राहतं. शेवटी फाइल मेनूतून रेंडर ॲनिमेशन, तिथे एमपीफोर करता येतं, पण मी आधी इमेज सीक्वेन्समध्ये पीएनजी काढते, म्हणजे एखाद्या फ्रेममध्ये चोच रंगवायची राहिली असेल तर फोल्डरमध्ये चटकन दिसते आणि तेवढीच फ्रेम सुधारून परत काढता येते. मग व्हिडिओ करा, लूपवर लावा, आणि घरातल्या एखाद्या लहान मुलाला काही न सांगता दाखवा. त्याने दार उघड म्हटलं तर काऊ जमला, नाहीतर परत १० ते १६ च्या मधला थांबा तपासा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.