इलेक्ट्रोडवरच्या रेणूची प्रतिक्रिया परावर्तित प्रकाशातून कशी मोजावी

इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल ठरवून देणारं उपकरण, म्हणजे पोटेन्शियोस्टॅट, फक्त करंट दाखवतो. त्या करंटमध्ये रेणूचे इलेक्ट्रॉन असतात, पृष्ठभागाचा दुहेरी थर (इलेक्ट्रोडला लागून जमणारा आयनांचा थर) भारित होण्याचा करंट असतो आणि उरल्यासुरल्या ऑक्सिजनचाही वाटा असतो. रेणूचा रंग बदलत असेल, तर त्याच्याकडे थेट पाहता येतं. पोटेन्शियल थोडं वरखाली करायचं आणि त्याबरोबर परावर्तित प्रकाश किती बदलतो ते मोजायचं, अशी ही पद्धत मला आवडते ती यासाठीच. पण लॉक-इनवर (ठरलेल्या एकाच वारंवारतेचा बारीक सिग्नल गोंगाटातून वेचणाऱ्या अॅम्प्लिफायरवर) आकडा आला म्हणजे तो रेणूचाच आहे असं धरू नका. तो रेणूकडून वदवून घ्यावा लागतो.

नवीन विद्यार्थ्याला मी मेथिलीन ब्लूने सुरुवात करायला लावते. याचं ऑक्सिडाइज्ड रूप निळं आणि रिड्यूस्ड रूप जवळजवळ रंगहीन. पाण्यातल्या सुट्या रेणूचं शोषण ६६४ नॅनोमीटरला सर्वाधिक असतं आणि सोनं तिथे आरशासारखं परावर्तन करतं. सोन्याचा इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉन अॅल्युमिनावर घासा, अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा आणि ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात व्होल्टामोग्राम (पोटेन्शियलनुसार करंटचा आलेख) स्थिर होईपर्यंत पोटेन्शियल पुढे-मागे फिरवा. नुसत्या सोन्यापेक्षा गंधकाचा थर दिलेल्या सोन्यावर हा रंग घट्ट बसतो. त्यासाठी इलेक्ट्रोड आधी सोडियम सल्फाइडच्या विरळ द्रावणात बुडवून धुवायचा, मग रंगाच्या विरळ द्रावणात. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन सात पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये ठेवा.

द्रावणात नायट्रोजन मनापासून सोडा. ऑक्सिजन राहिला तर रिड्यूस झालेला रंग पुन्हा ऑक्सिडाइज होतो, शिवाय प्रकाशात मेथिलीन ब्लू आणि ऑक्सिजन एकत्र असणं रंगाच्याच मुळावर येतं. मोजणी सुरू झाली की नळी द्रावणातून वर उचला आणि वायू फक्त पृष्ठभागावरून वाहू द्या. बुडबुड्यांनी प्रकाश हलतो.

आता किती बदल अपेक्षित आहे, याचा हिशोब करू. चौरस सेंटिमीटरला ०.१ नॅनोमोल रेणू आणि मोलर शोषणांक (रेणू किती प्रकाश शोषतो त्याचं माप) सुमारे ८०,००० धरला, तर एका फेरीत शोषण ०.००८. प्रकाश थरातून जाताना आणि येताना असा दोनदा जातो, म्हणून सगळा थर पालटला तरी परावर्तन तीन-चार टक्क्यांनीच बदलेल. आपण मात्र दहा मिलिव्होल्टचा चढउतार देतो, त्यात थराचा काही भागच पालटतो, आणि धातूच्या लगत प्रकाशाचं विद्युतक्षेत्र दबलेलं असतं. म्हणून मी हजारात एक किंवा त्याहून बारीक बदलाची तयारी ठेवते.

एवढं बारीक पकडायला स्थिर डीसी पुरवठ्यावरचा हॅलोजन दिवा, मोनोक्रोमेटर, फोटोडायोड आणि लॉक-इन अॅम्प्लिफायर लागतो. डीसी पोटेन्शियल हळू सरकवायचं आणि त्यावर १४ हर्ट्झची साइन लहर चढवायची. विजेच्या मेन्सची वारंवारता आणि तिच्या पटी टाळा. लॉक-इनमधून आलेला एसी भाग डायोडच्या डीसी पातळीने भागला की सापेक्ष बदल मिळतो. इथे एक सापळा आहे: सेलच्या (इलेक्ट्रोड आणि द्रावण ठेवलेल्या भांड्याच्या) काचेवरून परतणारा प्रकाश डायोडवर पडला, तर डीसी फुगतं, एसी तेवढंच राहतं आणि उत्तर खोटं लहान येतं. काच किंचित तिरकी बसवा.

सात पीएचला, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.२ व्होल्टच्या आसपास या सिग्नलचं शिखर शोधा. पोटेन्शियल धन बाजूला गेलं की निळं रूप वाढतं, परावर्तन घटतं. म्हणून ६६० नॅनोमीटरच्या परिसरात चिन्ह ऋण हवं.

मग उलटतपासणी. दिव्यासमोर अडसर धरा. तरीही लॉक-इन काही दाखवत असेल तर ते तारांमधून शिरलेलं आहे. पोटेन्शियल शिखरापासून दूर न्या, सिग्नल मावळला पाहिजे. रंग न चढवलेला इलेक्ट्रोड मोजा. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण धातू स्वतःही बोलतो: विद्युतद्रावणातल्या सोन्या-चांदीचं परावर्तन पोटेन्शियलने बदलतं हे फाइनलीब यांनी १९६६ सालीच दाखवलं होतं, आणि सोन्याचा हा आवाज ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत मोठा असतो. शेवटी शिखरावर थांबून तरंगलांबी बदलत जा. आलेला वक्र दोन रूपांच्या शोषणातल्या फरकासारखा दिसायला हवा. सगळीकडे फेजही (दिलेल्या लहरीमागे सिग्नल किती रेंगाळतो ते) सारखाच राहिला (चिन्ह उलटलं तर चालेल), तर एकच प्रक्रिया चालू आहे असं मी मानते. फेज सरकत असेल तर दोन गोष्टी मिसळल्या आहेत.

एवढं पार पडलं की इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचा वेग मोजता येतो. शिखरावर थांबून वारंवारता वाढवत न्या. थराला चिकटलेल्या रेणूसाठी, जिथे सिग्नलचे इन-फेज (लहरीबरोबर चालणारा) आणि क्वाड्रेचर (पाव फेरीने सरकलेला) भाग आकाराने सारखे होतात, तिथली कोनीय वारंवारता वेगांकाच्या दुप्पट असते. मात्र सेलचा रोध ५० ओहम आणि धारिता २० मायक्रोफॅरड असेल, तर सेललाच प्रतिसादाला एक मिलिसेकंद लागतो, आणि १६० हर्ट्झच्या जवळ तुम्ही रेणूऐवजी सेल मोजू लागता. दोन्ही आकडे इम्पीडन्सने (वेगवेगळ्या वारंवारतांना सेलचा एसी विरोध मोजून) आधी काढून ठेवा. वेगवान प्रतिक्रियेसाठी इलेक्ट्रोड लहान घ्या, पण प्रकाशाचा ठिपका त्याच्या कडेबाहेर सांडणार नाही इतपतच.