ट्रेडिंग कार्डांचा छंद कडवटपणापासून कसा जपावा

ट्रेडिंग कार्डे म्हणजे खेळाडूंची किंवा काल्पनिक पात्रांची, जमवायची आणि अदलाबदलीची छापील कार्डे. ती जमवणाऱ्या मुंबईतील संग्राहकांच्या कोणत्याही बैठकीत अर्धा तास बसले, की नव्या संचाचे, म्हणजे एकत्र निघालेल्या कार्डमालिकेचे, बॉक्स साठेबाजांनी आधीच उचलले, हौसेने घेतलेल्या कार्डाचा भाव पडला, कोणीतरी बनावट कार्ड गळ्यात मारले, अशा तक्रारी हमखास कानावर पडतात. या तक्रारी खोट्या नसतात. मात्र दर रविवारी त्यांचाच पाढा वाचला जाऊ लागला, की नवखा माणूस दुसऱ्यांदा फिरकत नाही आणि जुन्यालाही घरी जाऊन कार्डे लावलेला बाइंडर उघडावासा वाटत नाही. मी स्वतः या अवस्थेतून गेले आहे. त्यातून बाहेर येताना जे उपयोगी पडले, ते येथे लिहीत आहे.

आधी एक गोष्ट नीट पाहावी: भांडण बहुधा कार्डावरून होत नाही, भावावरून होते. लहानपणी गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत मी आणि माझा भाऊ कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे खेळत असू. उंची, वजन, छाती, क्रमांक हे सारे आकडे आम्हाला पाठ असत आणि आवडते कार्ड हरले तर रडारडही होई, पण ते कार्ड किती रुपयांचे, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. भाव आला, की त्याच्या मागोमाग संशय येतो. हा काही आपल्याच शहराचा दोष नव्हे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या साखळी दुकानांनी ग्राहकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी कार्डांची दुकानातील विक्री काही काळ थांबवली होती, इतकी ती मारामारीची वस्तू झाली होती.

म्हणून भावाविषयीची भविष्यवाणी ऐकताना इतिहास आठवावा. टॉप्स या अमेरिकी कार्डकंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल संचातील न खपलेली कार्डे १९६० च्या सुमारास समुद्रात बुडवण्यात आली, आणि त्याच संचातील मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. याउलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस, पुढे सोने होईल म्हणून लोकांनी खोकी भरभरून साठवलेली बेसबॉल कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली होती, की त्यांतील बहुतेकांना आज गिऱ्हाईक मिळत नाही. ज्यांनी कार्डे छापली, त्यांनाच भाव ओळखता आला नाही. तेव्हा कट्ट्यावर कोणी छातीठोकपणे ‘हे कार्ड आता संपले’ असे म्हटले, तर त्यावरून आपले कार्ड विकायला काढू नये आणि मन तर मुळीच खट्टू करून घेऊ नये.

यावर सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे आपल्या संग्रहाची हद्द स्वतः आखणे. ‘सगळे हवे’ असे म्हणणारा संग्राहक कायम हरलेलाच राहतो, कारण मार्च २०२४ पर्यंत एकट्या पोकेमॉन या जपानी कार्डखेळाचीच ६,४०० कोटींहून अधिक कार्डे छापून झाली होती. हद्द कोणतीही चालेल: एकच संघ, एकच प्राणी, एकच वर्ष. मी चित्रकार निवडला. पोकेमॉनच्या कार्डावर तळाशी बारीक अक्षरांत चित्रकाराचे नाव छापलेले असते. बाजारात नाव काढले की भाव चढतो तो मूळ संचातील चॅरिझार्ड हा आग ओकणारा प्राणी आणि त्याच संचातील गुबगुबीत पिकाचू, ही दोन्ही चित्रे मित्सुहिरो अरिता यांची आहेत. हा संच जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये आणि इंग्रजीत, १०२ कार्डांचा, जानेवारी १९९९ मध्ये आला. अरितांची चित्रे जमवायची असे ठरवल्यावर मी नऊ खणांच्या वीस पानांचा एकच बाइंडर घेतला. दोन्ही बाजू धरून त्यात ३६० कार्डे मावतात, आणि त्याहून अधिक ठेवायची नाहीत, हा माझा नियम आहे. नवे आत घ्यायचे तर जुने एखादे कोणाला तरी द्यावे लागते. तेव्हापासून दुसऱ्याने कार्डांचे बंद पाकीट फोडून भारी कार्ड काढले, तरी माझ्या पोटात दुखत नाही, कारण ते माझ्या हद्दीतले नसते. आणि असते तेव्हा मी त्याच्याशी अदलाबदलीचे बोलू शकते.

पैशांबाबत थोडक्यात सांगते. दरमहा किती खर्चायचे, ते पगाराच्या दिवशीच ठरवावे. भाव पाहायचा तो घेताना किंवा विकताना. एरवी रोज पाहू नये. शिवाय पाहायची ती प्रत्यक्ष विक्री झालेली किंमत, मागितलेली नव्हे, कारण मागणारा काहीही मागू शकतो.

आता फसवणुकीविषयी. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी ४,५०० रुपयांना एक होलो, म्हणजे चकचकीत फॉइलचे, कार्ड घेतले. फोटोत ते निर्दोष दिसत होते, पण हातात आल्यावर खिडकीपाशी तिरके धरले तर डाव्या खांद्यापासून खालपर्यंत एक बारीक घडी चमकली. संतापून मी ते संग्राहकांच्या ऑनलाइन गटात जाहीर केले. तीन दिवस दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना टोचून बोलत राहिले आणि पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. तेव्हापासून मी कार्ड घेण्यापूर्वी तिरक्या उजेडातला व्हिडिओ मागते, पुढचा-मागचा आणि चारही कोपऱ्यांचा. तरीही काही चुकले, तर आधी विक्रेत्याला खासगीत लिहिते: काय ठरले होते, काय मिळाले, सोबत फोटो, आणि मला पैसे परत हवेत की किंमत कमी करून हवी, ही एकच मागणी. दिलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तरच ते इतरांना सावध करण्यासाठी जाहीर करते, आणि तेही तितक्याच मोजक्या शब्दांत. मन प्रसन्न ठेवायचे म्हणून अन्याय गिळावा, असे माझे म्हणणे नाही. ज्याचे खरोखर नुकसान झाले आहे, त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. तेच गाऱ्हाणे दहाव्यांदा, नव्या माणसासमोर उगाळले जाऊ लागले, की मात्र हळूच विषय बदलावा.

पावसाळ्यातल्या भांडणांचे एक वेगळेच कारण असते, आणि ते कळले तर निम्मे वाद आपोआप मिटतात. होलो कार्डात कागदावर चकचकीत फॉइलचा पातळ थर असतो. जुलैच्या दमट हवेत कागद ओल शोषून फुगतो, फॉइल फुगत नाही, त्यामुळे कार्ड चित्राच्या बाजूला वाकते आणि त्याच्या कडा होडीसारख्या वर उचलल्या जातात. घेणारा म्हणतो, वाकडे कार्ड पाठवले. देणारा म्हणतो, तुम्हीच खराब केले. आणि दोघेही खरेच बोलत असतात. अशा वेळी कार्डाला इस्त्री लावू नये किंवा ते जाड पुस्तकाखाली घाईने दाबूनही ठेवू नये. स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस ठेवावे. बहुतेक कार्डे बरीचशी सरळ होतात. पुड्या फार झाल्या आणि हवा अतिकोरडी झाली, तर कार्ड उलट बाजूला वाकते, म्हणून अधूनमधून उघडून पाहावे. व्यवहाराच्या वेळीच ‘पावसामुळे आलेला बाक दोष धरायचा नाही’ असे बोलून घेतले, तर पुढची कटकटच राहत नाही.

बनावट कार्डांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण तेथे बहुतेकदा लहान मुले दुखावली जातात. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत पोकेमॉनची सोनेरी कार्डे स्वस्तात मिळतात, ती जवळपास सगळी नकली. माटुंग्याच्या पाच बागांत एका रविवारी आम्ही काही जण जमलो होतो, तेव्हा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा अशीच वीस-पंचवीस कार्डे रबरबँड लावून घेऊन आला. आमच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, “हा कचरा कशाला आणलास?” मुलाने काही न बोलता रबरबँड परत चढवला. तेव्हा आमच्यातल्या एका वयस्कर काकांनी त्याला शेजारी बसवून घेतले, त्याचे एक आणि आपले एक साधे कार्ड हातात धरून मागून मोबाइलची बॅटरी लावली. मूळ कार्डात सहसा दोन थरांच्या मध्ये गडद थर असतो, त्यामुळे उजेड फारसा आरपार येत नाही. मुलाचे कार्ड कंदिलासारखे उजळले. अक्षरांच्या कडा आणि मागच्या बाजूचा निळा रंगही त्यांनी त्यालाच ताडून पाहायला लावला.

“काका, म्हणजे माझी सगळी खोटी?”

“खोटी आहेत रे. पण तुझी तू खेळायला ठेव. अदलाबदलीला मात्र आणू नकोस, नाहीतर दुसरा कोणी फसेल. हे घे, हे खरे. आता तूच दुसऱ्यांना तपासून दे.”

काकांनी दिलेले कार्ड पाच रुपयांचेही नव्हते. त्या मुलाने पुढचा तासभर प्रत्येकाच्या बाइंडरवर बॅटरी मारली. बनावट कार्ड दाखवून द्यायचे ते असे: खरे बोलावे, पण माणसाला बाजूला घेऊन, त्याच्या हातात पुरावा देऊन.

त्यानंतर आमच्या बैठकीत दोन रीती पडल्या. पहिला अर्धा तास कोणी भाव काढत नाही; कार्डे फिरतात, चित्रे पाहिली जातात, नवे काही मिळाले असेल त्याचे कौतुक होते. आणि मुलांशी अदलाबदल त्यांच्या आईवडिलांच्या समोरच होते, दोन्ही कार्डांची किंमत तोंडाने सांगून. गटावर दिवसभर कुरकुर चालू असेल, तर तो गट महिनाभर म्यूट करायला मी संकोचत नाही. बैठक मात्र चुकवत नाही.

तेथे जाताना आपल्याकडे एकाहून अधिक असलेल्या कार्डांतली दहा साधी, पण खरी कार्डे स्लीव्हमध्ये घालून एका लिफाफ्यात न्यावीत आणि पहिल्यांदाच आलेल्या मुलासमोर तो लिफाफा ठेवून त्याला हवे ते एक निवडू द्यावे. निवडायला मुले बराच वेळ घेतात. तेवढा वेळ त्यांच्याजवळ बसून राहावे.