फराळाची चव दर खेपेला बदलते? या चुका टाळा

दिवाळी महिन्यावर आली की फोन सुरू होतात. "ताई, मागच्या वर्षी चकली छान झाली होती, या वर्षी काय बिघडलं कळत नाही." मी एकच विचारते: मागच्या वर्षी काय केलं होतंत, ते कुठे लिहिलंय? उत्तर ठरलेलं. लिहिलेलं नसतं, सगळं "हाताच्या अंदाजाने" असतं. घरच्या डब्यापुरता तो अंदाज पुरतो. पैसे घेऊन विकायला लागलात की पुरत नाही.

सगळ्यात मोठी चूक वाटीने मापणं. माझी स्वतःची ४० किलो चकलीची ऑर्डर यात अडकली होती. वर्षानुवर्षं माझ्याकडे काम करणाऱ्या मावशी सासूबाईंच्या आजारपणामुळे ऐन वेळी गावी गेल्या. नव्या मुलीला मी सांगितलं, "दहा वाट्या भाजणी, एक वाटी कडकडीत तेलाचं मोहन." वाटी तीच, प्रमाण तेच. पहिला घाणा तेलात सोडला आणि चकलीचे वेढे सुटून कढईत नुसता चुरा तरंगायला लागला. दुसऱ्या घाण्याचंही तेच. सहा किलो पीठ भिजवून झालं होतं, ते सगळं गेलं. रात्री काटा घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. मावशी वाटी दाबून भरायच्या, ही मुलगी चाळलेलं पीठ अलगद भरत होती. दाबलेली वाटी १३० ग्रॅम, अलगद भरलेली १०० ग्रॅमसुद्धा नाही. पीठ कमी, म्हणून मोहन जास्त. मुलीची काही चूक नव्हती. मी तिला माप दिलंच नव्हतं, माझी सवय सांगितली होती. निम्मी ऑर्डर वेळेत गेली, उरलेल्याचे पैसे परत केले.

तेव्हापासून आमच्याकडे वाटी नाही. किलो भाजणीला १०० ग्रॅम तेल, २० ग्रॅम मीठ. आदल्या रात्री मी स्वतः एकेक किलोच्या पिशव्या भरते, तीळ, तिखट, मीठ त्यातच मोजून. सकाळी कुणीही येवो, पिशवी फोडायची आणि तेल तोलून घालायचं. हे मी लिज्जतकडे बघून शिकले. १९५९ साली गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. पापड बायका आपापल्या घरी लाटतात, पण पीठ एका जागी मळून त्यांना दिलं जातं. चव जिथे ठरते ते काम एका जागी बांधून टाकलं, म्हणून हात कितीही असले तरी पापड सारखा लागतो.

दुसरी चूक घाईची. चकली कडक झाली की नवशिक्या मंडळी एका दमात डाळ बदलतात, गिरणी बदलतात, मोहनही वाढवतात. मग सुधारलं काय आणि बिघडलं काय, कशावरून कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारखेसकट वहीत लिहा. माझ्या वहीला तेलाचे डाग आहेत, पण डाळ कुठल्या दुकानातली, भाजणी कुणी भाजली, हे सगळं त्यात सापडतं. "तयार प्रमाण द्या ना" म्हणणाऱ्यांना मी देते, पण तुमचा तांदूळ आणि तुमची गिरणी माझी नाही. चार घाणे स्वतः तळून नोंदी केल्याशिवाय ते प्रमाण तुमचं होत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. कृतीत "चवीपुरतं" लिहू नका. गिरणीत तुमच्या आधी काय दळलं ते विचारा, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढा. लिहिलेली कृती नव्या माणसाच्या हातात द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल तिथे तुमचं लिहिणं कच्चं आहे. पहिल्याच दिवाळीला १०० किलोची ऑर्डर घेऊ नका.

आणि रोज आधी तीनच चकल्या तळा. दहा मिनिटं गार होऊ द्या, मोडून बघा, मगच पुढची पिशवी फोडा.